उतारासाठी सायकल

उतारावरून खाली यायला सायकल हवी म्हणून कोणी दुकानात आलं, की मी एकच प्रश्न विचारत असे. "वेळ वाचवायचाय की घालवायचाय?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. काहीजण चिडायचेसुद्धा. धुळ्यात मी तीस वर्षं सायकलचं दुकान चालवलं. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. पण हा प्रश्न मी खोडी काढायला विचारत नव्हतो. ज्याला वेळ वाचवायचा आहे त्याला शर्यतीची सायकल लागते. ज्याला डोंगरात मनमुराद भटकत, दगडधोंड्यांवरून उड्या मारत, हवं तिथे थांबत खाली यायचं आहे, त्याला वेगळी लागते. दोन्ही सायकली उतरतात त्याच डोंगरावरून, पण एकीचं काम दुसरीला सांगितलं तर ती घात करते.

हे बाहेरच्या माणसाला सोपं करून सांगतो. सायकलच्या पुढच्या चाकाला धरणारे जे दोन पाय असतात त्याला आम्ही चिमटा म्हणतो. शर्यतीच्या सायकलचा चिमटा उभा असतो, हँडल खाली वळलेलं, टायर बोटाएवढं बारीक आणि त्यात हवा इतकी ठासून भरलेली, की अंगठा दाबला तर नख दुखेल. अशी सायकल डांबरी रस्त्यावर बाणासारखी सुटते. भटकंतीच्या सायकलचा चिमटा पुढे कललेला असतो, हँडल रुंद, सीट खाली, टायर जाड आणि हवा थोडी कमी. दगड आला की टायर दबतं, दगड गिळतं आणि पुढे जातं. नव्वदच्या आसपास आमच्याकडे जाड टायरच्या सायकली यायला लागल्या, त्याआधी असलं काही हवं असेल तर आम्ही ते जुळवून जुळवून तयार करत असू.

सगळ्यांना दोन्ही हवं असायचं. रावेरकडचे एक पाटील आले होते. केळीच्या बागा, ट्रॅक्टर, सगळं घरचं. वय बावन्न. मी माझा प्रश्न विचारला तर म्हणाले, "मले दोन्ही पाहिजे. शर्यतीत पयली आली पाहिजे अन् बांधावरून उडालीबी पाहिजे."

"मग बैल घ्या," मी म्हणालो.

ते हसले आणि तिथेच ठाण मांडून बसले. शेवटी त्यांच्या हट्टापायी एका भंगारातल्या मोपेडचा स्प्रिंगवाला चिमटा काढून मी त्यांच्या सायकलला बसवून दिला. आठ दिवसांत पाटील सायकल टेम्पोत घालून परत आले. बांधावरून उडाली म्हणे, पण खाली आल्यावर थांबलीच नाही, थेट पाटात. त्यांनी ती तशीच माझ्याकडे टाकली आणि साधी काळी सायकल घेऊन गेले. अशी माणसं आठवली की अजून हसू येतं. पण हे सगळं लिहायला बसलो ते पाटलांसाठी नाही. देवपुरातला एक माणूस माझ्या एका नकारामुळे गेला, आणि त्यानंतर मी एक खोटं बोललो. ते लिहायचं आहे.

त्याचं नाव दिलीप. पांझरा नदीच्या पलीकडे देवपुरात राहायचा. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होता, बाटल्या धुणं, सामान काढून देणं असलं काम. तिशीचा, लग्न झालेला. बायको मंगला आणि वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, एवढंच घर. आबा गावाकडची शेती वाट्याने देऊन मुलाकडे येऊन राहिले होते. दिलीपला एकच नाद होता. रविवार आला की सायकल घेऊन लळिंगच्या डोंगरात जायचं. चढताना सायकल खांद्यावर, उतरताना हा सायकलवर. पायवाट असो, ओहोळ असो, शेळ्यांची वाट असो.

मी त्याला माझा प्रश्न विचारला तेव्हा गोंधळला नाही तो एकटाच. म्हणाला, "नाना, वेळ घालवानाच शे. आठवडाभर घड्याळ दखीसन कंटाळा येस."

त्याला मी मनापासून सायकल बांधून दिली. जाड टायर, कललेला चिमटा, रुंद हँडल. पहिल्या रविवारी संध्याकाळी तो दुकानासमोर येऊन उभा राहिला. अंगभर धूळ, कोपर सोललेलं, आणि चेहऱ्यावर एवढा आनंद की मला हेवा वाटला. पुढे दर रविवारी यायचा. कोणत्या वळणावर काय झालं, कुठे मोर दिसला, कुठे सायकल हवेत गेली, सगळं सांगायचा. मी हातातलं काम करत ऐकायचो.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. तरुणपणी मी शर्यती मारल्या आहेत. दोनदा दुसरा आलो, पहिला कधीच नाही. ते माझ्या मनातून गेलं नव्हतं. दिलीपला उतारावर एकदा मी स्वतः पाहिलं आणि माझ्यातला जुना शर्यतवाला जागा झाला. उतारावर ज्यांचे हात ब्रेककडे जात नाहीत असे घाबरट नसलेले मूर्ख पुष्कळ असतात. दिलीप तसा नव्हता. त्याला ब्रेक कधी दाबायचा हे कळत होतं, आणि ते शिकवून येत नाही.

एका तरुण मंडळाने भाद्रपदात घाटातून खाली सायकल शर्यत ठेवली होती. मी त्याच्या मागे लागलो. तो नको म्हणत होता. मी म्हणालो, "एकदा उतर. माझ्यासाठी." दोन सायकली घेण्याची त्याची ऐपत नव्हती, तेव्हा मी युक्ती काढली. सायकल तीच, चाकं दोन जोड. एक जोड जाड, डोंगराची. एक जोड बारीक, शर्यतीची. जोड बदलायची तर ब्रेकचे रबरी गुटकेही वरखाली सरकवावे लागत, कारण दोन्ही चाकांच्या रिमा सारख्या उंचीच्या नव्हत्या. पान्हे घेऊन बसलं की अर्ध्या तासाचं काम. ह्या कारागिरीचा मला फार अभिमान होता. पाटलांसाठी जमलं नाही ते मी दिलीपसाठी जमवलं असं मी लोकांना सांगत असे.

शर्यतीत दिलीप तिसरा आला. मी दुकानात पेढे वाटले. त्याला एक छोटा कप मिळाला, तो त्याने मंगलाच्या हातात दिला आणि विसरून गेला. दुसऱ्याच दिवशी तो जाड चाकं चढवायला आला. मी त्याला थांबवलं. दिवाळीनंतर दुसरी शर्यत होती. म्हटलं, बारीक चाकांची सवय होऊ दे, दोन महिने डोंगर राहू दे. तो माझा मान ठेवायचा. राहिला. त्याची जाड चाकं माझ्या दुकानात खुंटीला टांगलेली राहिली, आणि रविवारी तो डोंगरात न जाता हायवेवर जायला लागला. गोष्टी सांगायला येणं कमी झालं. मला ते कळत होतं आणि मी ते कळू दिलं नाही.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारागीर आपली हत्यारं पुजतात. सगळे पान्हे, हातोड्या, पक्कडी रॉकेलने धुऊन, पुसून, चौरंगावर मांडायच्या. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. आणि एकदा हत्यार पूजेला बसलं, की दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला एवढी विश्रांती द्यायची. माझ्या उस्तादांनी मला हे शिकवलं. मी ते इतक्या कडकपणे पाळलं, की एकदा पोलिसांची सायकल पंक्चर झाली तेव्हा मी फौजदारालाही परत पाठवलं होतं. हा किस्सा मी छाती फुगवून सांगत असे.

त्या वर्षी नवमीला दुपारी बाराच्या सुमारास पूजा आटोपून मी प्रसाद वाटत बसलो होतो. दिलीप आला.

"नाना, जाड चाकं चढवी द्या. लळिंगला जास. आबासले डोंगरमधला आपटा लागस, बाजारमधला नको म्हनतस."

गावाकडे आबा दसऱ्याला डोंगरातून स्वतः आपट्याची पानं आणत. आता गुडघे चालत नव्हते म्हणून मुलगा आणून द्यायचा.

"आज नवमी आहे, दिलीप," मी म्हणालो. "हत्यारं पूजेत बसलीत. उद्या सोनं वाटून झालं, की पहिलं काम तुझं."

"उद्या पानं आणीसन काय करू? अर्धा तासनं तं काम शे."

"नाही."

"मग पान्हा द्या. मीच बसाडस."

"पूजेतला पान्हा उचलायचा नाही. कोणाच्याच हाताने नाही."

त्याने चौरंगाकडे पाहिलं. मोठ्या पान्ह्यावर झेंडूचं फूल होतं. तो भांडला असता तर मी कदाचित ऐकलं असतं. पण तो भांडणारा माणूस नव्हता. हसला आणि म्हणाला, "बराबर शे. त्याबी थकेल शेत."

दुसऱ्या दुकानात जाण्यात अर्थ नव्हता, गावातली सगळी हत्यारं त्या दिवशी चौरंगावरच होती. त्याने प्रसाद खाल्ला आणि निघाला. मला वाईट वाटलं. काहीतरी करावं असं वाटलं. हवेचा पंप उंच असल्यामुळे चौरंगावर मावत नव्हता, म्हणून दरवर्षी तो कोपऱ्यातच राहायचा, त्याला नुसतं कुंकू लावायचो. मी त्याला थांबवलं आणि म्हणालो, "ये, हवा तरी भरून देतो."

"जरा कमी ठेवा, नाना. दगड शेत."

"बारीक टायरला हवा कमी ठेवली तर ट्यूब चावते, रिमखाली सापडून फाटते," मी म्हणालो, आणि दोन्ही चाकं टणक करून दिली. हे मी चूक सांगितलं नव्हतं. आजही कोणी विचारलं तर हेच सांगेन. पण टणक बारीक टायर दगड गिळत नाही, दगडावरून उसळतं, हेही मला माहीत होतं. मी पंप मारत असताना ते माझ्या डोक्यात होतं. तरी पंप मारला.

तो डोंगरावर गेला. आपट्याच्या फांद्या तोडून पाठीला बांधल्या. उतरताना ओहोळाजवळ पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत गेलं. जाड चाक असतं तर त्या फटीत मावलं नसतं. तो हँडलवरून पुढे फेकला गेला. शेळ्या चारणाऱ्या एकाने पाहिलं, लोकांना हाका मारल्या, बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून ट्रकमधून दवाखान्यात आणलं. डोक्याला मार होता. दसऱ्याला दुपारी तो गेला. शुद्धीवर आलाच नाही.

मी ती सायकल नंतर पाहिली. पुढच्या चाकाचा पार आठ झाला होता. बाकी सगळं जागच्या जागी, ब्रेकसुद्धा.

चौथ्या दिवशी मी देवपुरात त्यांच्या घरी भेटायला गेलो. आबा ओट्यावर बसले होते. शेजारचे दोघंतिघं होते. मंगला आतल्या दाराच्या चौकटीत उभी होती. मी आबांजवळ बसलो. मग आबांनी विचारलं, "नाना, तो जाड चाकं लाईसन काब्रं नही गया? तुमनाकडे उना नव्हता का?"

मी घरून निघताना ठरवलं होतं, की सांगायचं. शब्दसुद्धा जुळवले होते. त्यांनी इतकं सरळ विचारलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "नाही आबा. नाही आला."

आबांनी मान हलवली. "आयशी," ते म्हणाले, म्हणजे आळशी. "पयलापासून आयशी. बापनी सांगेल गोठ कधी ऐकी नही."

मी चौकटीकडे पाहिलं. मंगला आत निघून गेली होती.

असं खोटं एकदा बोलून संपत नाही. महिनाभराने आबा काठी टेकत माझ्या दुकानात आले. जायला दुसरं ठिकाण नव्हतं त्यांना. शहरात कोणी ओळखीचं नाही, गावाकडे जायचं मन नाही. दुकानात बाकड्यावर बसले, चहा घेतला, संध्याकाळी गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. मग रोजच. मंगला दिलीपच्या जागी कॉलेजात कामाला लागली होती. ती सकाळी जाताना त्यांना पुलाच्या अलीकडे सोडायची आणि येताना घेऊन जायची. दुकानात ती कधी आत आली नाही. बाहेरूनच हाक मारायची, "आबा, चला."

सात वर्षं आबा माझ्या दुकानात बसले. गिऱ्हाइकांशी बोलायचे. कोणी नवा तरुण सायकल घ्यायला आला, की खुंटीवरच्या आपल्या मुलाच्या त्या जाड चाकांकडे बोट दाखवायचे. "ह्या मना आंडोरन्या. आठेच टांगेल व्हत्यात. येवाले अर्धा तास लागता. आयस करा अन् गया. तू तसं नको करू रे भाऊ." आणि मी मान खाली घालून समोरच्या चाकाच्या तारा कसत राहायचो. ती चाकं काढून माळ्यावर टाकावी असं कितीदा वाटलं. पण आबा विचारतील म्हणून टाकली नाहीत.

रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. दुकानात गर्दी असली तर म्हणायचो, गर्दीत कसं सांगू. रिकामं असलं तर म्हणायचो, आता इतक्या वर्षांनी म्हाताऱ्याला आणखी कशाला दुःख द्यायचं. खरं कारण हे होतं, की भीती मला माझ्यासाठी वाटत होती. आबांनी शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ते उठून गेले असते आणि परत आले नसते, ते मला नको होतं. त्यांची सवय मलाही झाली होती.

पुढच्या नवमीला मी एक पान्हा चौरंगावर ठेवला नाही. फळीवरच ठेवला, दिवसभर डोळ्यासमोर. उस्तादांची क्षमा मागितली. कोणीही आलं नाही. त्यानंतरच्या नवम्यांनाही नाही.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. चार दिवस दुकानात आले नाहीत, पाचव्या दिवशी निरोप आला. मी देवपुरात गेलो. त्याच ओट्यावर बसलो. आता शेजारीपाजारी नव्हते. मंगलाने पाणी आणून ठेवलं आणि समोर बसली. केस पांढरे व्हायला लागले होते तिचे.

मी सांगून टाकलं. नवमीची दुपार, चौरंग, पान्हा, पंप, सगळं. आणि ह्याच ओट्यावर बोललेलं खोटं. सत्तरीच्या घरातला माणूस, पण रडलो.

ती शांत होती. म्हणाली, "माले माहीत व्हतं, नाना."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"तुमना दुकानवरथून तो घर उना व्हता. दोरी लेवाले. मी म्हटलं, जाड चाकं कोठे शेत? तो म्हने, नानाना पान्हा आज देवमा बसना शे. हसतच गया."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? मी तोंडावर खोटं बोललो तेव्हा?"

"तवय माले बोलताच येत नव्हतं." तिने पदर सारखा केला. "नंतर बोलनार व्हतू. पन आबा तुमनाकडे येवाले लागनात. दिवसभर घरमा एकटा बसतस, भिताडशी बोलतस, अन् तुमनाकडथून उनात का दोन घास खातस. मी बोलतू तं ते बंद व्हतं. मंग ते कोठे जातात?"

मी समोरचं पाणी उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"मी वाट दखी," ती म्हणाली. "तुमीच त्यासले सांगशात म्हनीसन. रोज पुलवर सोडाना टाइमले वाटे, आज नाना सांगतीन. संध्याकायले आबानं तोंड दखू. मंग कळे, आज बी नही."

"किती दिवस?"

"दोन-तीन वर्स दखी. मंग सोडी दिन्ही."

ती आत गेली, चहा ठेवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन कप पुढे करताना तिने एकच गोष्ट सांगितली, तीही माझ्यावर राग धरून नाही. शेवटच्या दोन दिवसांत आबांना भान नव्हतं. दिलीप समोर उभा आहे असं समजून ते त्याच्यावर सारखे ओरडत होते, चाकं का नाही बदललीस म्हणून. ती त्यांना सांगत राहिली, की तो गेला होता बदलायला, त्याची चूक नव्हती. पण तोवर आबांना कोणाचंच ऐकू येत नव्हतं.